जुन्या रिव्हॉल्व्हरची वाजवी किंमत: आधी कागद, मग लोखंड, मग नाव

चवथीला डिचोलीला आतेभावाकडे गेलो होतो. माटोळी बांधून झाली, चहा आला आणि दादाने विषय काढला. त्याचे वडील वारल्यावर त्यांची दोन रिव्हॉल्व्हरं परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा होती. वारस म्हणून दादाचा अर्ज गेला होता, पण त्याला स्वतःला काही ती ठेवायची नव्हती. "एक कोल्ट आहे आणि एक बेल्जियमचं. दोन्ही विदेशी. कोल्ट पाच लाखांखाली सोडणार नाही," तो म्हणाला. हा आकडा कुठून आला असं विचारलं तर, "सगळे तेवढेच सांगतात."

मी गेली काही वर्षं परवान्यावर नेमबाजी करतो, त्यामुळे घरात असे प्रश्न माझ्याकडे येतात. "सगळे सांगतात" हीच या बाजाराची मुख्य अडचण आहे. जुन्या मोटारीसारखा इथे जाहीर दर नाही. विकणारा वडिलांच्या आठवणीची किंमत लावतो आणि घेणारा नळीवरचं नाव वाचून हुरळतो. दादाबरोबर मी त्या विक्रेत्याच्या काउंटरवर गेलो, दोन्ही हत्यारं तपासली आणि आकडा काढला. तो कसा काढला ते पुढे सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा लेख परवाना असलेल्या माणसाने परवान्यावरचं हत्यार घेण्या-विकण्याबद्दल आहे. गोव्यातल्या जुन्या घरांत, विशेषतः भाटकारांच्या (जमीनदारांच्या), पेटाऱ्याच्या तळाशी कागद नसलेलं हत्यार कधीकधी सापडतं. पोर्तुगीज अमदानीतला दाखला सोबत असला तरी तो आजचा परवाना नव्हे. अशा हत्याराला वाजवी किंमत नसते. ते घेऊन मित्राकडे किंमत विचारायला जाऊ नका. आधी वकील, मग पोलीस ठाणं.

पहिली पायरी: कागद

लोक आधी हत्यार हातात घेतात. मी आधी परवाना मागतो. परवान्यावरचा बोअर (नळीचं माप), बनवणाऱ्याचं नाव आणि क्रमांक हत्यारावरच्या क्रमांकाशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. त्यावर राष्ट्रीय नोंदीतला यूआयएन क्रमांक हवा आणि मुदत चालू हवी. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. एका माणसाला ठेवता येणाऱ्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. वारशाने आलेलं हत्यारही या दोनांतच मोजलं जातं. पूर्वी कुणी तिसरं हत्यार हौसेने घ्यायचं. आज ज्याच्याकडे आधीच रिव्हॉल्व्हर आणि दुनळी आहे, तो तुमचा गिऱ्हाईक होऊच शकत नाही.

आता बोअर. किंमत इथेच निम्मी ठरते. .३८० आणि .४५५ ही लष्करी काडतुसं ज्यात बसतात ती रिव्हॉल्व्हरं आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. पहिल्या महायुद्धातलं वेब्ली मार्क सहा किंवा दुसऱ्या महायुद्धातलं एनफील्ड नंबर दोन जगभरच्या संग्राहकांना कितीही हवंसं वाटो, आपल्याकडचा साधा परवानाधारक ते घेऊ शकत नाही. गिऱ्हाईक नाही तर भाव नाही. "वेब्ली आहे" एवढ्यावर कुणी मोठी किंमत सांगितली तर पहिला प्रश्न विचारा: .३२ की .३८? मुलकी परवान्यावर जुनं रिव्हॉल्व्हर म्हणजे बहुतेक वेळा .३२.

पण .३२ म्हटलं म्हणजे सगळं आलं असंही नाही. या आकड्याखाली तीन-चार वेगळी काडतुसं आहेत. आपल्याकडे सहज मिळतं ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याचं, बुडावर केएफ अशी अक्षरं असलेलं. जुन्या खिशातल्या रिव्हॉल्व्हरांत याचंच आखूड भावंड लागतं, त्यांत लाँग बसत नाही. कोल्टची सुरुवातीची काही रिव्हॉल्व्हरं .३२ लाँग कोल्ट या वेगळ्या, बारीक काडतुसाची होती. उलट कोल्टवर .३२ पोलीस लिहिलेलं असेल तर ते स्मिथ लाँगच समजा. पिस्तुलाचं .३२ काडतूसही कधीकधी लाँगच्या खोबणीत (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या जागेत) शिरतं, आणि हा धोका आहे. त्याचा दाब जास्त असतो आणि शंभर वर्षांच्या पोलादाने तो सोसावा अशी अपेक्षा करू नये. ज्याचं काडतूस मिळत नाही त्याचा भाव मी काडतूस मिळणाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर कधी धरत नाही.

"जुनं आहे, म्हणजे अँटिक, परवाना लागत नाही," हे वाक्य मी निदान दहा वेळा ऐकलं आहे. शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात सूट आहे, पण ती कालबाह्य घडणीच्या, पुराणवस्तूसारख्या किंवा मोडक्या आणि दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाहीत अशा हत्यारांना. पोर्तुगीज सैन्याचं १८७८ किंवा १८८६च्या नमुन्याचं अबादी रिव्हॉल्व्हर घ्या. ते ९.१ मिलिमीटरचं, बेल्जियमच्या लिएजला बनलेलं. त्याचं काडतूस बाजारात नाही, पण यंत्रणा धडधाकट असेल तर ते आपोआप सुटत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्या. शिवाय ऐतिहासिक महत्त्वाची, शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुराणवस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि तशी ती सरकारी परवानगीविना देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून लिस्बनच्या लिलावातला आकडा दाखवून कुणी पणजीत भाव सांगत असेल तर तो आकडा बाजूला ठेवा.

दुसरी पायरी: पाया-किंमत

परदेशी रिव्हॉल्व्हर आपल्याकडे महाग का, याचं उत्तर लोखंडात नाही. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सामान्य नागरिकासाठी आयात जवळजवळ बंद आहे. देशात जेवढी विदेशी रिव्हॉल्व्हरं आहेत तेवढ्यांतच हात बदलतात. त्यातून नावाला भलता भाव आला.

दुसऱ्या बाजूला देशी पर्याय आहेत. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .३२ जुनं आणि सर्वांना माहीत असलेलं. २०१४मध्ये कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर आणलं, तेव्हा त्याची किंमत सुमारे १ लाख २२ हजार होती. २०२३मध्ये प्रबल हे दुसरं देशी रिव्हॉल्व्हर आलं. नव्या रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावर आधी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के झाला. दोन खाजगी परवानाधारकांच्या व्यवहारात हा कर येत नाही, त्यामुळे जुन्या मालाचा भाव त्यानंतर वर सरकला तर नवल नाही.

माझी पद्धत अशी. त्या आठवड्यात नवं देशी .३२ करासह, हातात पडेपर्यंत कितीला येतं ते विक्रेत्याकडून लेखी घ्यायचं. तो तुलनेचा पाया. मग दोन-तीन विक्रेत्यांना वेगवेगळं विचारायचं: अमुक बनावटीचं, चांगल्या स्थितीतलं, तुम्ही मला कितीला द्याल आणि माझ्याकडून कितीला घ्याल? या दोन आकड्यांतलं अंतर पाहून माणूस थक्क होतो. वाजवी किंमत त्या दोघांच्या मधे कुठेतरी असते. उत्तरेकडच्या राज्यांतले आकडे इथे आणू नका. तिकडे रिव्हॉल्व्हर कमरेला लावून मिरवायची हौस मोठी आहे, इथे परवाने बहुतेक शेतीराखणीच्या बंदुकीचे.

तिसरी पायरी: लोखंड

ही पायरी सावकाश करा. हत्यार विक्रेत्याच्या काउंटरवर, परवानाधारकाच्या समोर पाहायचं. सिलिंडर उघडा, सहाही खोबण्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहा, बोट घालून पाहा. मग दुसऱ्याला दाखवा. तपासणीत एकही काडतूस टेबलावर नको, डबीसुद्धा नको.

सोबत काय न्यायचं? बारीक टॉर्च, पांढऱ्या कागदाचा तुकडा, भिंग आणि गॅरेजवाल्याकडे असतं ते फीलर गेज. एवढंच.

आधी घोडा अगदी हळू मागे ओढा. दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला अलगद टेकवा, म्हणजे तो थोडा जड फिरेल. घोडा पूर्ण मागे अडकण्याच्या आत खालचा खटका सिलिंडरच्या खाचेत 'टक्' करून बसला पाहिजे. हे सहाही खोबण्यांना करा. दादाच्या कोल्टमध्ये पाच वेळा टक् आलं. सहाव्या वेळी घोडा अडकला तरी खटका बसला नव्हता, बोटाने सिलिंडर केसभर पुढे ढकलल्यावर बसला. याला टायमिंग गेलं म्हणतात. गोळी सुटताना खोबण नळीसमोर सरळ नसेल तर शिशाचे कपचे बाजूने उडतात. जुन्या कोल्टमध्ये हे जास्त आढळतं, कारण त्यात सिलिंडर फिरवणारी पट्टी चाप दाबलेला असताना सिलिंडरला घट्ट दाबून धरते आणि वापराने झिजते. नव्या कोल्टची पकड तिजोरीसारखी असते, तीच घडण तिचं दुखणं आहे.

मग चाप दाबून ठेवत घोडा अंगठ्याने आवरून खाली आणा. चाप न सोडता सिलिंडर डावी-उजवीकडे हलवा. कोल्टमध्ये हालचाल जवळजवळ शून्य हवी. स्मिथमध्ये किंचित चालते, तो दोष नव्हे. आता सिलिंडर पुढे-मागे ढकला. जाणवेल इतका खुळखुळत असेल तर आतली झीज. सिलिंडर आणि नळीच्या बुडामधली फट फीलर गेजने मोजा. ०.१५ ते ०.२० मिलिमीटर उत्तम, ०.२५ चालेल, ०.३०च्या वर असेल तर किंमत पाडायला तुमच्याकडे मोजलेलं कारण आहे. विक्रेत्यासमोर फीलर गेज काढलं की बोलण्याचा सूरच बदलतो, हा माझा अनुभव.

घोडा मागे अडकवून, चापाला हात न लावता, अंगठ्याने त्याला मागून पुढे बेताने ढकला. निसटला तर ते हत्यार धोक्याचं. तिथे भावाची चर्चा थांबवावी. रिकाम्या हत्याराचा घोडा पुन्हा पुन्हा फटाफट आपटू नका. काडतुसावर आदळणाऱ्या जुन्या टाचणीचं टोक तुटलं तर नवं आणणार कुठून?

नळीच्या आत पाहताना मागच्या टोकाशी पांढरा कागद धरा, त्यावर टॉर्च मारा आणि पुढून बघा. पिळदार आटे कडांनी धारदार हवेत. काळी मिरी सांडल्यासारखे ठिपके दिसले तर गंजाने पोलाद खाल्लंय. ते घासून जात नाही. एखादं काळं कडं नळीभर गोल दिसलं तर गोळी आत अडकलेली असताना दुसरी सुटली होती, नळी फुगली आहे. बाहेरून हात फिरवला तर उंचवटा कळतो. अशा नळीला मी शून्य देतो. नळीचं सिलिंडरकडचं तोंड भिंगाने पाहा, खालच्या बाजूला चीर असते. वरून मोडून उघडणारं हत्यार असेल तर नळी आणि मूठ धरून किंचित पिळा. बिजागरी आणि वरची कडी सैल असली तर लगेच हाताला कळतं.

आता गोव्याची खास व्यथा. मृगापासून नवरात्रापर्यंत इथली हवा लोखंडाला सुटू देत नाही, किनाऱ्याजवळ तर मीठच तरंगतं. त्यात आपल्या वडीलधाऱ्यांचा लाडका उपाय, खोबरेल. वर्षानुवर्षं खोबरेल लावलेल्या यंत्रणेत ते चिकट, पिवळट, डिंकासारखं होऊन बसतं. दुसरा घातक प्रेमळपणा म्हणजे चामड्याच्या म्यानात ठेवणं. चामडं पावसाळ्यात ओल शोषतं आणि हत्यार आतल्या आत कुजतं. दादाच्या कोल्टची बाहेरची काळी-निळी झळाळी इतकी सुंदर होती की मला तिथेच शंका आली. मालकाच्या परवानगीने विक्रेत्याच्या कारागिराने मुठीची फळी उतरवली. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर तांबडी भुकटी पडली, नाचणीचं पीठ सांडावं तशी. फळीखालचं पोलाद खड्डेखड्डे झालेलं. म्हणजे बाहेरून घासून नवं ब्लूइंग, म्हणजे तो काळा-निळा थर, केलेलं, आत हातही न लावता.

नव्या ब्लूइंगची ओळख पटवायला भिंग पुरतं. मूळ कडा धारदार असतात, घासलेल्या गोलावतात. स्क्रूच्या भोकाच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात. नळीवरची अक्षरं आणि कोल्टचा घोड्याच्या चित्राचा शिक्का पुसट दिसतो, आणि त्या पुसट अक्षरांच्या खाचेतही नवा रंग असतो. झिजलेलं, करडं पडलेलं पण मूळचं अंग मला नव्याने रंगवलेल्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. याबद्दल आमच्या नेमबाजीच्या मंडळींत वाद होतात, होवोत.

चौथी पायरी: नाव आणि शिक्के

नाव शेवटी. कोल्ट पोलीस पॉझिटिव्ह १९०७च्या सुमाराचं, स्मिथ अँड वेसनचं बाजूला उघडणारं पहिलं .३२ १८९६चं. एक सोपी खूण सांगतो. मागून पाहिलं तर कोल्टचा सिलिंडर घड्याळाच्या दिशेने फिरतो, स्मिथचा उलट. 'कोल्ट' उलटं फिरलं तर प्रश्न विचारायला सुरुवात करा.

स्पेनच्या एइबार गावातल्या कारखान्यांनी या दोघांच्या हुबेहूब नकला ढिगाने काढल्या. त्यांच्या नळीवर मोठ्या अक्षरांत स्मिथ अँड वेसन दिसतं, नीट वाचलं तर मजकूर असा की यात स्मिथ अँड वेसनची काडतुसं वापरा. निम्मी नळी वाचून पूर्ण भाव देणारे भेटले आहेत मला.

दादाचं दुसरं हत्यार लिएजचं. सिलिंडरवर अंडाकृती चौकटीत ईएलजी आणि खाली तारा, हा लिएजच्या चाचणीचा शिक्का. या चौकटीवर मुकुट असेल तर शिक्का १८९३ किंवा त्यानंतरचा, मुकुट नसेल तर आधीचा. जुन्या शिक्क्यांची चाचणी काळ्या दारूची, आजचं काडतूस धूररहित दारूचं. इंग्रजी हत्यारावर बर्मिंगहॅमचे शिक्के पाहताना एनपी, म्हणजे नायट्रो दारूची चाचणी झाल्याची खूण, आहे का ते शोधा. नसेल तर ते वापरायचं हत्यार म्हणून मोजू नका. दादाच्या बेल्जियनवर मुकुट नव्हता, लाँग काडतूस बसत नव्हतं, बिजागरी सैल. घरच्यांच्या आठवणीत ते 'विदेशी' म्हणून कोल्टच्या बरोबरीचं होतं.

शेवटी क्रमांक. कोल्टमध्ये सिलिंडरचा हात बाजूला काढल्यावर आतल्या बाजूला आणि सांगाड्यावर जुळणारे क्रमांक दिसतात. स्मिथमध्ये मुठीच्या बुडाशी आणि सिलिंडरवर, जुन्या लाकडी फळीच्या आत पेन्सिलीने किंवा ठोकून. सांगाड्यावरचा क्रमांक घासलेला असेल तर हत्यार खाली ठेवा आणि बाहेर पडा. हा घासाघीस करायचा मुद्दा नाही, गुन्ह्याचा आहे.

आकडा कसा बांधायचा

दादाच्या कोल्टचा हिशोब असा झाला. चांगल्या स्थितीतल्या तशाच कोल्टला विक्रेत्यांनी सांगितलेल्या दोन आकड्यांचा मध्य काढला आणि त्याला १०० मानलं. नवं ब्लूइंग, उणे २०. एका खोबणीचं टायमिंग, उणे २०, कारण सुटा भाग मिळत नाही आणि हाताने घडवणारा कारागीर मिळाला तरी काम टिकेलच असं नाही. मुठीखालचे खड्डे, उणे १०. फळ्या मूळच्या, क्रमांक जुळणारे, त्याबद्दल कपात नाही. नळी आश्चर्यकारक स्वच्छ, म्हणून अधिक ५. राहिले ५५. या वजाबाक्या माझ्या अंदाजाच्या आहेत, दुसरा कुणी टायमिंगचे ३०ही कापेल. मोडकी फळी किंवा उडालेलं निकेल असलं तर मी पाच-दहाच्या वर कापत नाही, कारण त्याने हत्यार चालायचं थांबत नाही.

दादा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाबा तर दर रविवारी पुसायचे." पुसायचे, खरंच. खोबरेलाने.

घेणाऱ्यासाठी एक सूचना. दुरुस्ती करून घेऊ म्हणून हत्यार स्वस्तात उचलू नका. दुरुस्ती परवाना असलेल्या कारागिराकडेच करता येते आणि जुन्या .३२चा सुटा भाग शोधण्यात वर्ष जातं. विकणाऱ्यासाठीही एक आहे. विकण्याआधी पॉलिश करू नका. तुम्ही हजारो रुपये घालून हजारो रुपये कमी करता.

व्यवहार

किंमत ठरली तरी पैसे पूर्ण देऊ नका. खाजगी विक्रीत विकणाऱ्याने जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता लेखी कळवायचा असतो, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. उत्तर गोव्याचा परवाना पणजीहून, दक्षिणेचा मडगावहून. घेणाऱ्याच्या परवान्यावर त्याच प्रकारच्या हत्याराची जागा मोकळी असायला हवी. निवडणूक लागली की हत्यारं ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात आणि सगळं महिनाभर अडतं. विधानसभा, जिल्हा पंचायत, लोकसभा बघून तारीख धरा. बयाणा थोडा, पावतीवर हत्याराचा क्रमांक आणि "मंजुरी न मिळाल्यास परत" हे शब्द. उरलेली रक्कम बँकेतून.

वारसाच्या बाबतीत अजून एक. वडील हयात असतानाही हत्यार मुलाकडे देता येतं. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा ते हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा. दादाच्या घरात हे कुणाला ठाऊक असतं तर ती दोन रिव्हॉल्व्हरं विक्रेत्याच्या कपाटात भाडं भरत पडली नसती.

कोल्ट अखेर फोंड्याच्या एका परवानाधारक गृहस्थांनी घेतलं, त्याच १००च्या मोजणीत ५८ला. बेल्जियनला गिऱ्हाईक आलं नाही, ते अजून विक्रेत्याकडेच आहे आणि दादा ते कायमचं सरकारजमा करायच्या विचारात आहे. नोंद करताना कारकुनाने कोल्टच्या क्रमांकात शेवटच्या ८च्या जागी ३ टाइप केला होता. घेणाऱ्याने काउंटरवरच चश्मा लावून वाचला आणि तिथल्या तिथे दुरुस्त करून शिक्का मारून घेतला.